हिजरी सनाचा जन्म



पेशवाईंतील जुनीं पत्रें ज्यांनीं चाळलीं असतील, त्यांना त्यांतील कालनिर्देशाची एक चमत्कारिक ओळ आठवत असेल. पानिपतच्या संग्रामाच्या सालच्या कागदांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे शब्द आढळतात. लिपि मोडी, भाषा मराठी, मजकूर आपल्याच स्वारीशिकारीचा आणि देण्याघेण्याचा. सालाचा आंकडा मात्र अरबी शब्दांत! इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, एकूण ११६१. हा शुहूर सन. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. दप्तरांतील कारकुनाच्या लेखणीला हा सन इतका सरावाचा झाला होता कीं, तो कोठून आला याचा विचारहि त्याच्या मनाला शिवत नसेल.

हा सन दक्षिणेंत सुरू झाला तो इ. स. १३४४ मध्यें, महंमद तुघलकाच्या कारकीर्दींत. त्या वेळीं हिजरी सन ७४५ चालू होता. तोच आंकडा उचलून, पुढें मात्र सूर्य मृग नक्षत्रीं आला म्हणजे साल बदलावयाचें, अशी व्यवस्था ठरली. म्हणून आपल्याकडे त्याला मृगसाल असेंहि नांव पडलें. गंमत अशी कीं, पानिपतच्या वेळीं शुहूर सन ११६१ होता, तर मूळचा हिजरी सन ११७४ वर जाऊन पोंचला होता. एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन गणना ४१७ वर्षांत १३ वर्षांनीं एकमेकींपासून दूर गेल्या. त्या कां दूर गेल्या याचा उलगडा पुढें होईलच. पण आज आपल्याला मुख्यतः पाहावयाचें आहे तें त्या गणनेचें मूळ. तें मूळ शोधीत गेलें म्हणजे इस्लामाच्या आरंभींच्या इतिहासाचा गाभाच हातीं लागतो.

सन किंवा शक कोणत्या प्रसंगापासून मोजावा हा वरवर पाहतां सोईचा प्रश्न वाटतो. परंतु आपला आरंभ कोठें झाला असें एखादा समाज मानतो, हें त्यावरून कळतें. शिवाजी महाराजांनीं १६७४ मध्यें राज्याभिषेक करवून घेतला आणि राज्याभिषेक शक सुरू केला. त्यांत स्वतंत्र सिंहासनाची घोषणा होती. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताच्या जन्मापासून वर्षें मोजतात. इराणचे बादशहा आपापल्या राज्यारोहणापासून मोजीत. जन्म, राज्यारोहण, विजय, हे सनाच्या आरंभाला साजणारे प्रसंग होत. हिजरी सनाचा आरंभ मात्र यांपैकीं कशांतहि नाहीं. आपल्या जन्मगांवीं राहणें अशक्य झालेला एक पन्नाशी उलटलेला मनुष्य एका सोबत्यासह गुप्तपणें गांव सोडतो आणि दोनशें मैलांहून अधिक दूर असलेल्या दुसऱ्या गांवीं जाऊन राहतो, या प्रसंगापासून हा सन मोजला जातो. अशा प्रसंगाला एवढा मान कां मिळाला, हें समजण्यासाठीं त्या काळच्या अरबस्तानांत थोडें डोकावलें पाहिजे.

सातव्या शतकाच्या आरंभीं मक्का हें हिजाज प्रांतांतील उजाड डोंगरांमधलें एक गांव होतें. शेती नाहीं, झाडी नाहीं. पाणी काय तें जमजम विहिरीचें. गांवाचें महत्त्व दोन गोष्टींवर उभें होतें. एक काबा हें देवस्थान, जेथें ठिकठिकाणचे अरब यात्रेस येत. आणि दुसरी उंटांच्या तांड्यांवर चालणारा व्यापार. गांव कुरैश जमातीच्या हातीं होतें, आणि कुरैशांचीं हाशिम, उमय्या, मखजूम, तैम, अदी अशीं अनेक कुळें होतीं. राजा नव्हता, कोतवाल नव्हता, न्यायाधीश नव्हता. मग माणसाच्या जिवाची हमी कोणाची? ती त्याच्या कुळाची. एखाद्याचा खून झाला, तर त्याचे भाऊबंद खुन्याच्या कुळाचा सूड घेणार, किंवा उंटांच्या रूपानें रक्ताचें मोल वसूल करणार. या भीतीमुळेंच माणूस माणसावर हात टाकावयास कचरे. ज्याला कुळ नाहीं, किंवा ज्याला कुळानें टाकलें, त्याला कोणीहि मारावें. विचारणारा कोणी नाहीं. वाळवंटांतील जीवनांत भाऊबंदकी ही नुसती भावना नव्हती, तीच कायदा होती.

अशा या गांवीं सुमारें इ. स. ५७० मध्यें हाशिम कुळांत महंमद पैगंबरांचा जन्म झाला. जन्मापूर्वींच वडील वारले, सहा वर्षांच्या वयांत आई गेली, पुढें आजा गेला, आणि अबू तालिब या चुलत्यानें त्यांना वाढविलें. खदीजा नांवाच्या व्यापार करणाऱ्या एका विधवेशीं त्यांचा विवाह झाला. सुमारें ६१० मध्यें, वयाच्या चाळिशींत, हिरा डोंगरावरील गुहेंत त्यांना पहिला ईश्वरी संदेश झाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. ईश्वर एकच आहे, त्याच्यापुढें प्रत्येकाला आपल्या कर्मांचा जाब द्यावा लागेल, अनाथ आणि दुबळे यांचें तोडून खाणें हें पाप आहे, हा त्या उपदेशाचा गाभा होता. प्रथम घरचीं माणसें आणि अबू बक्रसारखे स्नेही, मग कांहीं तरुण, कांहीं गुलाम, असा लहानसा समुदाय जमूं लागला.

मक्केच्या वजनदार कुळांना यांत दोन धोके दिसले. देवस्थानावर आणि यात्रेवर गांवाचें पोट होतें, हा पहिला. दुसरा अधिक खोल होता. एकाच घरांतला मुलगा बापाला सोडून या समुदायांत जात होता, भाऊ भावापासून तुटत होता. ज्या कुळबंधनावर सारी सुरक्षितता उभी, त्यालाच तडा जात होता. ज्यांना कुळाचा आधार नव्हता अशा अनुयायांचा छळ झाला. सुमारें ६१५ मध्यें कांहीं अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशांत, तेथील ख्रिस्ती राजाच्या आश्रयास गेले. पैगंबरांवर मात्र कोणी हात टाकूं शकत नव्हतें, कारण अबू तालिब त्यांच्या पाठीशीं होता. नव्या धर्माविषयीं त्याची भूमिका काय होती यावर मुसलमानांतहि मतभेद आहेत. पण पुतण्याला अंतर न देणें हें कुळप्रमुख म्हणून तो आपलें कर्तव्य समजे. इतर कुरैशांनीं हाशिम कुळाशीं सोयरीक आणि देवघेव बंद केली; तो बहिष्कार दोन-तीन वर्षें चालला. तरीहि तो डगमगला नाहीं.

इ. स. ६१९ मध्यें खदीजा आणि अबू तालिब या दोघांचाहि मृत्यु झाला. कुळाचें प्रमुखपद अबू लहब या दुसऱ्या चुलत्याकडे आलें आणि त्यानें पैगंबरांवरील कुळाचें छत्र काढून घेतलें. तेव्हांच्या अरबस्तानांत याचा अर्थ काय होता तें आपण पाहिलेंच आहे. जवळच्या ताइफ गांवीं आसरा मागण्यासाठीं ते गेले, तर तेथें लोकांनीं दगड मारून त्यांना हांकलून दिलें. परत मक्केंत पाऊल टाकण्यापूर्वीं त्यांना मुतइम नांवाच्या दुसऱ्या कुळांतील एका गृहस्थाचें अभय मिळवावें लागलें. तो गृहस्थ त्यांचा अनुयायी नव्हता. आपल्याच जन्मगांवीं परक्याच्या अभयावर राहण्याची वेळ आली होती.

याच सुमारास उत्तरेकडील यस्रिब गांवचे कांहीं लोक यात्रेच्या निमित्तानें त्यांना भेटले. यस्रिब हें खजुरीच्या बागांचें, विखुरलेल्या वस्त्यांचें ओलीताचें ठिकाण. तेथें औस आणि खजरज या दोन अरब जमाती, तसेंच कैनुका, नजीर आणि कुरैजा या प्रमुख यहुदी जमाती राहत. औस आणि खजरज यांचें वैर पिढ्यान्‌पिढ्यांचें. सुमारें ६१७ मध्यें बुआस येथें त्यांची घनघोर लढाई झाली, दोन्हीकडचे प्रमुख लोक पडले, आणि तरीहि निकाल लागला नाहीं. एका खुनाचा सूड, त्या सुडाचा सूड, असें तें चक्र कोणाच्याच हातून थांबेना. थांबवणारा मनुष्य दोन्ही जमातींच्या बाहेरचा हवा होता, आणि त्याच्या शब्दामागें कुळाहून मोठें कांहीं तरी हवें होतें. ६२१ मध्यें यस्रिबच्या बारा जणांनीं मक्केजवळ अकबा येथें पैगंबरांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. पुढच्या वर्षीं सत्तरांहून अधिक लोक आले, त्यांत दोन स्त्रिया होत्या. आणि आपल्या बायकामुलांचें जसें रक्षण करूं तसें तुमचें करूं, अशी आणभाक त्यांनीं केली. रक्ताचें नातें नसतांना केवळ शब्दावर माणसाच्या जिवाची हमी घेतली गेली. या प्रसंगांत जें नवें होतें तें हेंच.

मग मक्केंतील अनुयायी चार चार, पांच पांच करून यस्रिबकडे निघाले. शेवटीं कुरैशांनीं पैगंबरांच्या वधाचा बेत केला असें जुने चरित्रकार सांगतात, आणि त्या बेताची तऱ्हा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक कुळांतून एक तरुण निवडावा आणि सर्वांनीं एकदम वार करावा, म्हणजे खुनाचें पाप सर्व कुळांत वांटलें जाईल, आणि एकटें हाशिम कुळ कोणाकोणाचा सूड घेणार! मारणाऱ्यांनाहि कुळाच्याच हिशेबानें विचार करावा लागत होता. त्या रात्रीं चुलतभाऊ अली पैगंबरांच्या अंथरुणावर निजला, आणि पैगंबर व अबू बक्र गांवाच्या दक्षिणेस थौर डोंगरांतील गुहेंत तीन दिवस लपून राहिले. मग आडवाटेनें प्रवास करून इ. स. ६२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस ते यस्रिबच्या वेशीवर कुबा येथें पोंचले. यस्रिबला पुढें पैगंबरांचें नगर या अर्थीं मदिना हें नांव मिळालें.

या प्रवासाला हिजरत म्हणतात. इंग्रजी पुस्तकांवरून आपल्याकडे त्याचें भाषांतर पुष्कळदां पलायन असें केलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. मूळ अरबी धातूचा अर्थ तोडणें, संबंध सोडणें असा आहे. जें तोडलें तें नुसतें गांव नव्हे, तर गोताचें बंधन. आणि त्याच्या जागीं जें जोडलें, त्याचा एक लेखी पुरावा सुदैवानें शिल्लक आहे.

हा पुरावा म्हणजे मदिनेंतील करारपत्र. इब्न इसहाक हा चरित्रकार इ. स. ७६७ च्या सुमारास वारला. म्हणजे मूळ घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं त्यानें आपला ग्रंथ रचला, आणि तो आपल्याला मुख्यतः इब्न हिशाम यानें केलेल्या संक्षेपांत मिळतो. इतक्या उशीरा लिहिलेल्या हकीकतींतील बारीकसारीक तपशील कितपत धरावा, याबद्दल आधुनिक संशोधक साशंक असतात. परंतु त्यानें उतरून ठेवलेलें हें करारपत्र खरें आहे, याविषयीं एरवीं संशय घेणाऱ्या संशोधकांचेंहि बहुधा एकमत आहे. त्याची भाषा जुनाट व खडबडीत आहे, आणि पुढच्या काळांतील सत्ताधाऱ्यांना सोईचें असें त्यांत फारसें कांहीं नाहीं.

या पत्रांत काय ठरलें? कुरैश आणि यस्रिब येथील श्रद्धावान आणि त्यांना येऊन मिळालेले लोक हे इतरांहून वेगळा असा एक समुदाय, एक 'उम्मा' होत. प्रत्येक कुळानें आपल्या माणसांचें रक्तमूल्य व खंडणी पूर्वींप्रमाणेंच एकत्र मिळून द्यावी. मात्र कोणीं अन्याय वा कलह माजविला, तर तो आपला मुलगा असला तरी सर्वांनीं त्याच्याविरुद्ध उभें राहावें. यस्रिबच्या आंतील भूमि पवित्र, तेथें रक्तपात नको. मतभेद झाला, तर तो ईश्वर आणि महंमद यांच्यापुढें न्यावा. करारांत नमूद केलेल्या यहुदी गटांनाहि या समुदायाबरोबर स्थान दिलें आहे. त्यांचा धर्म त्यांना, आणि मुसलमानांचा मुसलमानांना. कुळें मोडून टाकलीं नाहींत; तीं होतीं तशींच ठेवून त्यांच्यावर शब्दाचें, श्रद्धेचें एक छप्पर घातलें. घरदार मागें टाकून आलेल्या मुहाजिरांना मदिनेंतील सहायकांशीं, म्हणजे अन्सारांशीं, एकाला एक असें भाऊ म्हणून जोडून देण्यांत आलें.

हें छप्पर सर्वांवर सारखें टिकलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मक्केशीं युद्ध पेटलें. ६२४ मध्यें बद्र येथें मुसलमानांचा विजय, ६२५ मध्यें उहुद येथें पराभव, ६२७ मध्यें खंदक खणून मदिनेचा बचाव. या प्रत्येक टप्प्यावर एकेका यहुदी जमातीशीं संबंध विकोपाला गेला. कैनुका आणि नजीर यांना गांव सोडावें लागलें. कुरैजांनीं वेढ्याच्या वेळीं शत्रूशीं संधान बांधलें या आरोपावरून त्यांच्या पुरुषांचा वध झाला आणि बायकामुलें गुलाम झालीं. करारभंग कोणीं केला व शिक्षा किती योग्य होती याबद्दल मुसलमान ग्रंथकार आणि इतर अभ्यासक यांत वाद आहे. इतिहासाच्या वाचकानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पुढच्या शतकांत अनेक धर्मांची प्रजा सांभाळणाऱ्या या समाजाच्या बाल्यावस्थेंत हीं दोन्हीं चित्रें आहेत, करारपत्राचें आणि कुरैजांचें.

जानेवारी ६३० मध्यें मक्का जवळजवळ रक्तपातावांचून हातीं आली. ज्यांनीं पैगंबरांना घालवून दिलें होतें, त्यांपैकीं बहुतेकांना क्षमा मिळाली. पैगंबर मात्र मक्केंत राहिले नाहींत. ते मदिनेस परतले, आणि ६३२ च्या जून महिन्यांत तेथेंच त्यांचें निधन झालें. त्याच वर्षींच्या अखेरच्या यात्रेंत त्यांनीं कालगणनेविषयीं एक निर्णय जाहीर केला. अरबांचे महिने चांद्र, आणि ऋतूंशीं मेळ घालण्यासाठीं आपल्या अधिकमासासारखा जास्तीचा महिना ते अधूनमधून धरीत, असें बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला 'नसी' म्हणत, आणि तो जाहीर करण्याचा मान किनाना जमातींतील एका घराण्याकडे होता. वर्षांतले चार महिने युद्धबंदीचे. तेव्हां महिना मागें-पुढें सारण्याचा अधिकार म्हणजे तह आणि लढाई यांवरचाच अधिकार! कुराणानें महिने बाराच ठरविले व नसीचा निषेध केला. तेव्हांपासून मुसलमानी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचें झालें. तें सौर वर्षाच्या मागें दर साल सुमारें अकरा दिवस सरकतें. ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षें बसतात. म्हणूनच रमजान कधीं उन्हाळ्यांत, कधीं पावसाळ्यांत येतो; आणि म्हणूनच आपल्या शुहूर सनाची व हिजरी सनाची १३ वर्षांची फारकत झाली. शेतकऱ्याचें पीक चंद्राकडे पाहून येत नाहीं. सारा वसूल करणाऱ्या राज्यकर्त्यांना ऋतूंशीं बांधलेला वेगळा सन ठेवणें भागच पडलें. आपला शुहूर आणि अकबराच्या कारकीर्दींतला फसली, हे दोन्ही त्या गरजेंतून निघाले.

पैगंबरांच्या निधनापर्यंत वर्षांना अनुक्रमांक नव्हते. जुने अरब 'हत्तीचें वर्ष' अशा एखाद्या ठळक प्रसंगावरून साल ओळखीत. खेड्यापाड्यांत आजहि अमक्या दुष्काळाच्या सालीं, तमक्या प्लेगाच्या सालीं असें म्हणतात, तसेंच तें. गांवापुरता व्यवहार असतो तोंवर एवढ्यानें भागतें. पण दुसरे खलीफा उमर यांच्या कारकीर्दींत, म्हणजे ६३४ ते ६४४ या दहा वर्षांत, दमास्कस, जेरुसलेम, इराक आणि इजिप्त एवढा मुलूख मदिनेच्या हुकमाखालीं आला. फौजांचे तनखे, जमिनीचा सारा, दूरदूरच्या सुभेदारांना हुकूम, असा कारभार सुरू झाला. परंपरेनें आलेली एक हकीकत अशी. उमर यांच्यापुढें एक कागद आला. त्यांत शाबान महिन्याची मुदत होती. त्यांनीं विचारलें, कोणता शाबान? गेलेला, चालू, कीं येणारा? बसऱ्याचा सुभेदार अबू मूसा यानेंहि, आपलीं पत्रें येतात पण त्यांवर तारीख नसते, अशी तक्रार केली. धर्माच्या मोठ्या प्रश्नांतून नव्हे, तर दप्तराच्या एका साध्या अडचणींतून सनाची गरज उत्पन्न झाली. आपण रोज उच्चारतों तो तारीख हा शब्द अरबीच, सन हाहि अरबीच, आणि तनख्यांच्या ज्या नोंदवहीला उमर यांच्या काळीं 'दीवान' हें नांव मिळालें, तोच शब्द पुढें आपल्या दिवाणांत आणि दिवाणखान्यांत येऊन बसला.

हिजरी १६ किंवा १७, म्हणजे इ. स. ६३८ च्या सुमारास उमर यांनीं जाणत्यांना बोलावून विचारविनिमय केला. कोणी म्हणाले, रोमन लोकांची गणना घ्यावी. कोणी इराणची सुचविली. आपलीच स्वतंत्र गणना असावी असें ठरल्यावर, ती पैगंबरांच्या जन्मापासून, पहिल्या संदेशापासून, हिजरतीपासून कीं निधनापासून मोजावी, हा प्रश्न निघाला. कौल हिजरतीच्या बाजूनें पडला; तें मत अली यांनीं मांडलें असें कांहीं जुने ग्रंथ सांगतात. सत्य आणि असत्य यांची फारकत हिजरतीनें झाली, असें कारण उमर यांनीं दिल्याचें नमूद आहे. जन्मापासून मोजलें असतें, तर सन एका व्यक्तीचा झाला असता. बद्रच्या विजयापासून मोजलें असतें, तर तलवारीचा. हिजरतीपासून मोजल्यानें तो समुदायाचा झाला.

आरंभीचा महिना कोणता धरावा यावरहि विचार झाला. हिजरतीचा प्रवास रबी-उल्-अव्वल महिन्यांतला. पण यात्रा संपवून लोक घरोघर परततात तो मोहरम महिना वर्षारंभास सोईचा, म्हणून त्याच वर्षाच्या मोहरमापासून गणना धरली गेली. त्यामुळें हिजरी सनाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२ येतो, आणि प्रत्यक्ष हिजरत त्यानंतर दोन महिन्यांनीं.

ही सर्व हकीकत उशीरा लिहिलेल्या ग्रंथांतली. तिला समकालीन आधार काय, असें चिकित्सक श्रोता विचारील. तो आधार आहे. व्हिएन्ना येथील ग्रंथसंग्रहालयांत इजिप्तमधून आलेला पपायरसाचा एक तुकडा आहे. ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत लिहिलेली ती एक साधी पावती आहे. अरब फौजेनें स्थानिक अधिकाऱ्यांकडून ६५ मेंढ्या घेतल्या, एवढाच तिचा मजकूर. अरबी मजकुराच्या शेवटीं वर्ष २२ लिहिलें आहे. तें एप्रिल ६४३ शीं जुळतें. म्हणजे उमर जिवंत असतांनाच मदिनेपासून शेंकडों मैलांवर हा सन व्यवहारांत रुळला होता. दुसरा आधार सौदी अरबस्तानांत उला गांवाजवळच्या एका खडकावर आहे. जुहैर नांवाच्या कोणा वाटसरूनें तेथें आपलें नांव कोरलें, आणि उमर वारले त्या वेळीं, वर्ष २४, अशी नोंद केली. एक मेंढ्यांची पावती आणि एका वाटसरूची खूण! बादशाही शिलालेखांहूनहि हे पुरावे मला बोलके वाटतात, कारण तीं लिहिणाऱ्या हातांना इतिहास घडविण्याची मुळींच जाणीव नव्हती.

येथवर पाहिलें तर वाटेल कीं, शब्दानें रक्तावर मात केली आणि गोष्ट संपली. तशी ती संपली नाहीं. पैगंबरांचें दफन होण्यापूर्वींच अन्सार मंडळी उत्तराधिकारी ठरवावयास जमली होती. एक नायक तुमचा आणि एक आमचा, अशी तडजोडहि पुढें आली. पण अरब लोक कुरैशांवांचून दुसऱ्या कोणाचें नेतृत्व मानणार नाहींत, हा अबू बक्र यांचा युक्तिवाद ठरला, आणि तेच पहिले खलीफा झाले. ज्या कुरैशांना सोडून हिजरत केली, त्यांच्याच कुळाचें वजन अवघ्या दहा वर्षांनीं पुनः तराजूंत पडलें. अलींचे अनुयायी, म्हणजे पुढचे शिया, यांचें म्हणणें असें कीं, पैगंबरांनीं स्वतःच अलींना नेमलें होतें आणि त्यांचा हक्क डावलला गेला. उमर यांनीं तनखे ठरवितांना दोन्ही मापें वापरलीं: पैगंबरांशीं नातें किती जवळचें, आणि धर्मांत प्रवेश किती आधीं. तिसरे खलीफा उस्मान यांनीं उमय्या कुळांतील आपल्या भाऊबंदांना मोठमोठे सुभे दिले, असंतोष वाढला, आणि ६५६ मध्यें मदिनेंत त्यांचा खून झाला. अली खलीफा झाले. पण उस्मानांच्या खुनाचा सूड मागत त्यांचा आप्त आणि सीरियाचा सुभेदार मुआविया उभा राहिला. करारपत्रानें जें मिटवावयाचें, तेंच कुळाचें वैर आतां साम्राज्याच्या मापानें उभें राहिलें. ६६१ मध्यें कूफा येथें अलींची हत्या झाली आणि सत्ता मुआवियाकडे गेली. त्याचा बाप अबू सुफ्यान हा हिजरतीनंतर मक्केच्या विरोधाचा पुढारी होता!

मुआवियानें आपल्यामागें आपला मुलगा यजीद याला वारस केलें. त्याला मान्यता देण्यास पैगंबरांचे नातू, अलींचे पुत्र हुसेन यांनीं नकार दिला. आणि हिजरी ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशीं, १० ऑक्टोबर ६८० रोजीं, करबला येथें मूठभर सोबत्यांसह ते मारले गेले. यात्रेकरूंच्या सोईसाठीं जो महिना वर्षारंभाला निवडला, त्याच महिन्यांत हें घडलें. तेव्हांपासून हिजरी वर्ष उजाडतें तें शोकाचे दिवस घेऊनच. आपल्या गांवोगांवच्या ताबुतांत हिंदु लोकहि पिढ्यान्‌पिढ्या सामील होत आले. त्या शोकाचें मूळ येथें आहे.

या सनानें आपल्या माथ्यावर मिरविली ती शपथ, आणि पहिल्या महिन्यांत जपली ती त्या शपथेच्या भंगाची वेदना. गोताहून मोठें असें कांहीं तरी माणसांना एकत्र बांधूं शकेल कां, हा यस्रिबच्या लोकांपुढचा प्रश्न होता. त्यांनीं अकबा येथें हातावर हात ठेवून त्याला होय म्हटलें. पुढच्या साठ वर्षांत तें उत्तर कित्येकदां खोटें पडलें. पण ज्यांनीं सनाची निवड केली, त्यांना तेंच आपला आरंभ म्हणून जपावेंसें वाटलें.

आतां एखादें जुनें दप्तर चाळतांना कोणाच्या दृष्टीस 'मया व अलफ' हे शब्द पडले, तर त्या आंकड्याच्या तळाशीं एक गुहा, एक आडवाट आणि परक्या माणसांनीं दिलेला एक शब्द आहे, एवढें त्यानें आठवावें. आपले कारकून चारशें वर्षांहून अधिक काळ तोच हिशेब पुढें चालवीत आले होते.